लेकुरवाळी कोळीण बेपत्ता

अख्ख्या ओमानात ज्याच्याशी कुणाचं भांडण होऊच शकत नाही असा माणूस म्हणजे माझे थोरले साडू, कारण त्यांचं लक्ष समोरच्या माणसाकडे नसतंच, ते त्याच्या पायाखाली असतं. कंपनीत पाइपांचे नकाशे काढायचे आणि उरलेला वेळ लांडगा-कोळी शोधायचे. हे कोळी जाळ्यात बसून राहत नाहीत, जमिनीवर धावून शिकार करतात. मत्रहच्या बाजारात आम्ही कापड बघत असलो की हे दुकानदाराला गालिचा उचलायला लावतात. त्यातही ‘एविपा’ ही त्यांची लाडकी प्रजाती, लांबलचक पायांची, रेताड रंगाची. तिच्या जाती पुष्कळ. मला त्या सगळ्या सारख्याच दिसतात, असं मी एकदा म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि चहा पाजला.

साडूंची नोकरी बदलली, पगार उतरला, फॅमिली व्हिसा गेला आणि ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, मुलींना घेऊन चिपळूणला परत गेली. तेव्हापासून अल हैलच्या त्यांच्या घरात कोळ्यांच्या बरण्याच बरण्या झाल्या.

गेल्या शुक्रवारी त्यांच्या इमारतीत झुरळांच्या औषधाची फवारणी होती आणि नेमकी त्याच सकाळी पिल्लांसकट एविपा बरणीतून पसार झाली. साडूंनी घाबरून इमारतीतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकलं, ‘घरातली कोळीण सकाळपासून बेपत्ता. लेकुरवाळी आहे. दिसल्यास हाकलू नये, मला कळवावे.’ कोळीण म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते सांगायला नको. तासाभरात बातमी चिपळूणला.

“ताई रडतेय,” माबेल्यात आमच्या घरी माझी बायको मला म्हणाली. “भाऊजींनी घरात कुणी कोळीण आणून ठेवलीय म्हणे, पोरांसकट. तुम्ही आधी जा.”

गाडीत मी एकटाच हसत होतो. तिथे पोचलो आणि हसू विरलं. साडू सोफ्याखाली अर्धे शिरलेले, फोन उशीला टेकवलेला, त्यात ताई.

“दाखवा मला ती कोळीण.”

“अगं, सापडली तर दाखवीन ना.”

“म्हणजे लपवलीय.”

खालच्या मजल्यावर पंपाची घरघर सुरू झाली होती. औषध आत आलं असतं तर कोळीण मेली असती, म्हणजे साडूंच्या बाजूची एकुलती एक साक्षीदारच गेली असती. बेल वाजली. तोंडाला फडकं बांधलेल्या फवारणीवाल्यापुढे साडू आडवे झाले.

“भाईसाब, पाँच मिनट. अंदर फॅमिली है.”

तो बिचारा नजर खाली घालून जिन्यात जाऊन उभा राहिला.

आम्ही पडदे झटकले, गादी उलटी केली. मिळाली शेवटी चप्पलस्टँडवर, ताईच्या चपलेत. साडूंनी ताईची नि मुलींची पादत्राणं अजून हलवलेली नव्हती. त्यांनी फोन चपलेजवळ धरला. कोळिणीच्या पाठीवर पिल्लांची नुसती खेचाखेच.

“अगंबाई,” ताईचा आवाज एकदम खाली आला. “एवढी सगळी? पडत नाहीत?”

“पडलं एखादं तर पायावरून चढतं परत.”

“आणि जाईल तिथे घेऊन जाते?”

“हो.”

ताई म्हणाली, “बरंय बाई तिचं. कुणाला मागे ठेवावं लागत नाही.”

मला फार वाईट वाटलं. साडू चपलेकडेच बघत म्हणाले, “मुली आहेत का गं घरात? दे ना जरा.”

मी बाहेर आलो, दार ओढून घेतलं आणि फवारणीवाल्याला खाली चहाला घेऊन गेलो.