रुमालांची रांग आणि नजमाखाला

बसची वाट तुम्ही स्वतः बघता, का तुमचा रुमाल बघतो? खरं सांगा. मी काही पंचनामा करायला येणार नाही.

आमच्याकडं रुमालच बघतो. हिंगोली जिल्ह्यातलं हे आमचं गाव कयाधूच्या काठावर आहे आणि अलीकडं स्वतःला शहर म्हणवून घेतं. औंढ्याच्या रस्त्यावर इथं गावातल्या गावात फिरणाऱ्या नगर बसचा एक थांबा आहे. एक खांब, त्यावर पत्र्याची पाटी आणि खाली डांबरावर रंगवलेली पिवळी चौकट, एवढाच. सावलीचा पत्ता नाही. सावली आहे ती थोडं पुढं, जुन्या कडुलिंबाखाली. म्हणून माणसं चौकटीत आपली एकेक वस्तू ठेवतात आणि लिंबाखाली जाऊन बसतात. आधी वीट, विटेमागं पिशवी, मग टॉवेल, मग एका पायातली चप्पल. कुणाचा दुरुस्तीला आणलेला कुकरसुद्धा रांगेत असतो. ज्याची वस्तू पुढं, तो बसमध्ये आधी. तहसीलमध्ये चालत नसेल इतकी इमानदारी त्या रांगेत चालते.

भर दुपारी ती रांग बघावी. उन्हानं डांबर पाण्यासारखं हलतं आणि त्या पाण्यावर सगळ्या वस्तू तरंगतात. टॉवेलचं टोक वाऱ्यानं उचललं की वाटतं, झोपलेल्या माणसानं कूस बदलली. कुकर ऊन खात बसलेल्या म्हातारीसारखा दिसतो. मी नजमाखालाजवळ बसून ते बघत बसायची. ती म्हणायची, "ये सब सोये हैं, ज्योती. बस आयी की उठते."

नजमाखाला लिंबाखाली शिलाई मशीन घेऊन बसते. पिशव्या, दप्तरं, प्रवासाच्या बॅगा दुरुस्त करते. तुटलेला बंद, अडकलेली चेन, उसवलेला खिसा. आखाडा बाळापूरची पोरगी, लग्न होऊन इथं आली. मशीन तिच्या नवऱ्याची, मकबूलमियांची. ते रोज सकाळी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून आणायचे, संध्याकाळी न्यायचे. "पंधरा-वीस बरस," खाला सांगायची, "मला गाव म्हणजे मकबूलची पाठच दिसली. सफेद सदरा, मधी घामाचा नकाशा."

मकबूलमिया गेल्यावर ती चालत यायला लागली. गुडघे वाईट, रस्ता त्याहून वाईट. मग गाव म्हणजे पायाखालचे खड्डे. मान वर करायची सोयच नव्हती.

आणि मग बस आली. लहानशी, हिरवी. गावात सिग्नल लावणं, एकेरी रस्ते करणं, हातगाड्यांना पट्टे आखून देणं, असली कामं बघायला एक वाहतूक कक्ष नवा उघडला होता, त्यांनी ती सुरू केली. पहिल्या संध्याकाळी खाला खिडकीशी बसली आणि जुन्या पुलापल्याडच्या तिच्या वस्तीपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी तिचा हात मशीनवर ठरेना.

"ज्योती, तुला सांगते, मी गाव बघितलं गं. भिंतीच्या वरून! दवाखान्याच्या मागं डाळिंबाचं झाड हाय, लाल लाल. एक पोरगी गच्चीवर केस सुकवून राहिली. आन् नदीत पानी हाय! मला इतके साल नुसता कठडा दिसायचा." मग हळूच म्हणाली, "एक मिनिट वाटलं, मैं मर गयी और ऊपरसे देख रही."

"मग? कसं वाटलं मेल्यावर?"

"अच्छा लगा. तिकीट लगता, बस इतनाच."

त्या दिवसापासून ती रोज एक नवी गोष्ट बघून यायची. कबुतरांचा खोपा. दर्ग्यावरची हिरवी चादर. कुणाच्या माळवदावर वाळत घातलेल्या कुरडया. मला वाटतं, दिवसभर ती मशीन चालवायची ती त्या खिडकीपर्यंत पोचायला. कधी डुलकी लागली की तिला स्वप्न पडायचं. बस शेवटच्या थांब्यावर थांबत नाही, नदीवरून तशीच पुढं जाते, बाळापूरच्या बाजारात जाऊन उभी राहते आणि तिची अम्मी खिडकीखालून विचारते, "जेवलीस का?"

बसचा ड्रायव्हर धर्मसिंग, तांड्यावरचा, बोलायला तिखट आणि मनानं लोणी. खालाला थांब्यापर्यंत चालायला लागू नये म्हणून तो चौकटीत थांबायचाच नाही. बस थेट लिंबाखाली आणायचा. माणसं पळत जाऊन आपापल्या वस्तू उचलायची आणि परत पळत येऊन चढायची. सगळं कसं बराबर चाललं होतं.

एक दिवस खांबावर कागद चिकटवलेला दिसला. प्रवासी नसल्यामुळं हा थांबा पुढच्या महिन्यापासून बंद, बस नव्या पुलावरून सरळ जाईल. म्हणजे लिंबही चुकला आणि खालाची वस्तीही. तिच्या वस्तीत रिक्षा जात नाही. मुलगा-सून पुण्याला. बस गेली की मशीन गेली आणि खाला चार भिंतींत. तिनं मला कागद वाचायला लावला, ऐकला आणि एका दप्तराची चेन पुढं-मागं, पुढं-मागं करत राहिली.

माझं डोकं फिरलं. माझं डोकं फिरलं की मी दार ढकलून आत जाते, ठोठावत नाही. वाहतूक कक्षात थांब्यांचं काम बघणारा प्रज्ञेश बसला होता. त्याची आई आणि मी एका मोर्चात बरोबर चाललेलो, म्हणून त्याला मी एकेरीतच घेतलं.

"प्रवासी न्हाईत? काहून न्हाईत? बस खचाखच भरून जाती, ते काय भुतं बसून राहिलीत?"

त्यानं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवला. "थांब्यावर कॅमेरा हाय, ताई. चौकटीत किती माणसं वाट बघतात ते यंत्र मोजतं. ह्यात एक माणूस दाखवा मला."

पडद्यावर पिवळी चौकट, रणरणतं ऊन. वीट, पिशवी, टॉवेल, चप्पल, कुकर.

"तिकिटं बघ मग!"

"तिकीट सगळ्या गावाला एकच. कुठून चढलं ते त्यावर येत न्हाई. आन् बस तर इथं थांबतच न्हाई, हे बघा." हिरवी बस चौकटीवरून पुढं निघून गेली. चार माणसं धावत आली, वस्तू उचलून पळाली. "यंत्राला वाटत असंल, इथं रोज चोरी होती."

मला हसू आलं आणि ते आलं म्हणून आणखी राग आला. माणसाच्या जागेवर रुमाल ठेवायची आमची रीत आणि खालाच्या गुडघ्यांची धर्मसिंगला आलेली दया, दोघांनी मिळून थांबा गिळला होता. भांडून भांडून मी एक गोष्ट मिळवली. येत्या सोमवारपासून आठवडाभर प्रज्ञेश पुन्हा बघणार. माणूस चौकटीत उभा दिसला पाहिजे, बस चौकटीत थांबली पाहिजे.

लिंबाखाली येऊन सांगितलं तर मंडळी हसायला लागली. पुसेगावहून बाजाराला येणारे अमृतराव पाय पसरून म्हणाले, "ताई, टॉवेल माझाच हाय ना? मंग त्यो उभा म्हंजे मीच उभा."

"उद्या मतदानाला बी टॉवेलच धाडा, अमृतराव! आन् कुणी मेलं तर खांदा द्यायला बी टॉवेलच धाडा!"

"ऊन बघितलं का, बाई? डोक्याचं भरीत व्हतं."

तेवढ्यात खालाची मशीन थांबली. "गुस्सा थूक, ज्योती. धूपचं काम हाय ना? मैं करती."

लोक पिशव्या दुरुस्तीला टाकतात आणि विसरतात. खालाकडं अशा बेवारस पिशव्यांचा डोंगर होता. तो तिनं उसवला. शाळेची दप्तरं, कपड्याच्या दुकानांची नावं छापलेल्या पिशव्या, जीनचे तुकडे, एक जांभळी मखमली पर्स. सगळ्याचे चौकोन कापले आणि जोडत गेली. त्या दिवसांत लिंबाची फुलं झडत होती, तीही टिपेखाली सापडून शिवली जात होती. मी जवळ बसले की तो कापडाचा ओघ तिच्या मांडीवरून उतरून माझ्या पायांवर यायचा, एखादी रंगीत नदी हळूच चढत यावी तसा. रविवारी आम्ही तो चौकटीवर ताणला. एक टोक थांब्याच्या खांबाला, बाकीची बांबूंना.

सोमवारी रांगेत रुमाल नव्हते, माणसं होती. वरून ऊन गाळून येत होतं. कुणाचा गाल निळा, कुणाचा खांदा जांभळा. अमृतरावांच्या टकलावर कुठल्यातरी दुकानाचं नाव उलटं पडलं होतं. पाण्याखाली उभं राहिल्यासारखं वाटत होतं. धर्मसिंगनं बस पहिल्यांदा चौकटीत थांबवली आणि ओरडला, "खाला, आता चालत या! मी सरकारी माणूस झालो!"

"हो ना, मुए. आता तू वळखबी देणार न्हाईस," म्हणत खाला काठी टेकत आली आणि चढली.

बस गेली आणि प्रज्ञेशचा फोन आला. "ताई, काय करून राहिल्या तुमी? आज तर टॉवेल बी दिसंना. नुसती गोधडी दिसते."

कॅमेरा वर, खांबाच्या टोकाला. सावली त्याच्या खाली. मी फोनवर काय बोलले ते इथं लिहीत नाही. तो खांब हलवणं त्याच्या हातात नव्हतं आणि आकाश हलवणं माझ्या.

आज सकाळी खालाला सांगितलं. ती मान वर करून आपल्या शिवणकामाकडं बघत राहिली. मला वाटलं, रडंल. तिनं कात्री मागितली.

"खाला, नको. इतकी मेहनत…"

"मेहनत बी टॉवेलच हाय, ज्योती. तिला उभं करून आपण सावलीत बसायचं न्हाई."

आम्ही ते खाली उतरवलं आणि जिथं जोडलं होतं तिथंच तिनं उसवलं. पुन्हा सगळे चौकोन सुटे. सावली गेली म्हणून पुन्हा चौकटीत वस्तू ठेवून लिंबाखाली बसलेल्या प्रत्येकाच्या हातात एकेक दिला, डोक्याला बांधायला. मग मशीनवर कापड टाकलं, काठी घेतली आणि बसची वेळ व्हायच्या कितीतरी आधी, चढत्या उन्हात, चौकटीकडं निघाली. पोचल्यावर सगळ्यात पुढच्या विटेवर बसली.

"खाला, ती वीट माझी हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

"आज मेरी. तू उभा राहा."

मग एकेकजण उठला. टॉवेलच्या जागी अमृतराव. पिशवीच्या जागी पिशवीवाली. कुकर कडेवर घेऊन कुकरवाली. खाला म्हणायची ना, बस आली की उठतात? आज बस यायच्या आधीच उठले.

दुपारी प्रज्ञेशनं मोबाइलवर फोटो पाठवला. वरून काढलेला, पिवळ्या चौकटीत रंगीत चौकोनांची सरळ रांग आणि प्रत्येक चौकोनाखाली दोन पाय. यंत्रानं सगळे मोजले होते. पण त्यानं बजावलं, एका दिवसानं काही होत नाही. रविवारपर्यंत रोज रांग दिसायला पाहिजे.

खालानं मोबाइल डोळ्यांजवळ धरला. "खिडकीतून दिसतं तसंच दिसून राहिलं गं," ती म्हणाली. "आन् ह्या बार मी बी हाय त्यात." बोट पुढच्या चौकोनावर होतं, जांभळ्या मखमलीच्या.

आता तुम्ही. इथंच जवळपास राहता, दारात मोटारसायकल आहे, बसची गरज नाही, ठाऊक आहे मला. एक चौकोन उरलाय, निळ्या दप्तराचा, कुण्या लेकराच्या पेनाचा डाग असलेला. तो खालाच्या मशीनवर घडी घालून ठेवलाय. उद्या या, तो डोक्याला बांधा आणि रांगेत उभे राहा. रुमाल पाठवू नका. तुम्ही या.