सासुरवाडीच्या गोड्या पाण्यात

परमुलखात सुट्टीला गेलात आणि तिथल्या गोड्या पाण्यात गरी टाकायची हौस आली, तर आधी तिथल्या माणसाला विचारा. मी विचारलं नाही. मालवणचा माणूस मासे कसे धरायचे ते दुसऱ्याला विचारतो काय?

माझी सासुरवाडी गोव्यात. पन्नास सालानंतरच्या त्या दिवसांत गोवा पोर्तुगीजांचा, म्हणजे आम्हाला परदेशच. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली आणि मागोमाग हद्द बंद झाली. मुलगी तिकडेच जन्मली, तिकडेच चालायला लागली. मी मुंबईत, गावकऱ्यांच्या खोलीत, ट्रंकेला डोकं टेकून झोपणारा. खेटे घालून घालून एकदाचा परवाना मिळाला, रजा मिळाली, आणि दोघींना मालवणच्या घरी आणायला मी निघालो. हद्दीवर इन्सुलीच्या नाक्यावर शिपायाने माझं बोचकं उसकटलं, सुकी सुंगटं, म्हणजे कोलंबी, हुंगून नाक मुरडलं. "ही कोणासाठी?" "माशांसाठी," म्हटलं. त्याला वाटलं, मी त्याची थट्टा करतोय.

सासरी सगळे अदबीने वागले, तेच वाईट. बायको दाराआडून चहा पुढे करायची. मुलगी खांबामागे. दोघींशी काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी सकाळी उठून नदी गाठली.

गरीला सुंगटं लावली आणि भरतीची वाट बघत बसलो. जन्मभर तेच केलेलं. ऊन डोक्यावर आलं, पाणी होतं तिथेच. सुंगटाला एक मासा तोंड लावील तर शपथ. शिरा पडो त्या गरीर! इतक्यात सासरे मागे येऊन उभे राहिले.

"जावयबापू, कसली वाट बघतास?"

"भरतीची."

म्हातारा पोट धरून हसला. "भरती हंय येणा नाय. समुद्र खंय, आमी खंय!"

मग त्यांनीच शिकवलं. गोड्या पाण्यातल्या माशाला गांडूळ द्यावं, नाहीतर पिठाची गोळी. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. खवळा मासा आधी चाखून बघतो, तेव्हा पहिल्या झटक्याला ओढायचं नाही. "फाल्यां लागतलो," सासरे म्हणाले, आणि खरंच दुसऱ्या दिवशी खवळा लागला. बायकोने तिरफळं घालून त्याचं कालवण केलं. माझ्या जिभेला चिखलाचा वास आला, तरी मी पुन्हा वाढून घेतलं. माणसांनी भरलेल्या त्या घरात जेवताना जितकं एकटं वाटलं, तितकं मुंबईच्या खोलीतही कधी वाटलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी बायको मुलीला घेऊन नदीवर कपडे धुवायला आली. मी विचारूनच टाकलं, "येतलंस मां?"

ती कपडे पिळत राहिली. "तुमची आवय आता नाय. तुमी मुंबयक जातालास. मगे त्या घरात मी कोणाशी बोलू?"

खोटं कशाला सांगू, रागच आला. पण मुंबईच्या खोलीत बायकामाणसाला जागा नव्हती, आणि आई गेल्यापासून मालवणात घराला कुलूप होतं. मी करवंटीतलं एक गांडूळ काढून गरीला लावलं.

तेवढ्यात मुलगी पहिल्यांदाच माझ्याजवळ आली. करवंटीतली गांडुळं बघितली, मग मला बघितलं, आणि आईकडे वळून म्हणाली, "आये, हो पावणो घराक कधी जातलो?"

"गो, तो तुझो बापूस," असं बायको म्हणेल म्हणून मी थांबलो.

"फाल्यां," ती म्हणाली.