चार गोळ्या आणि ताईची वही

माझी ताई तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्त करते. दोनशे दहा मशीन आणि मेकॅनिक तिघं, त्यातले दोघं तिच्याच हाताखाली शिकलेले. हे मी कुणालाही सांगतो, लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसालासुद्धा. बायको म्हणते, तुम्हाला फक्त निमित्त लागतं. लागतं, मग?

ताईचा नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मशीन टाके सोडायला लागलं की नवशिका माणूस सुई बदलतो, दोरा बदलतो, ताण सैल करतो, पट्टा आवळतो आणि मशीन चाललं की खुशीत चहाला जातो. ताई त्याला परत बोलावते. "चालतंय ते मलाही दिसतंय. बिघडलं काय होतं?" बिचारा छताकडे बघत राहतो. ती स्वतः प्रत्येक बदल वहीत लिहिते, मशीन अर्धा तास चालवून बघते आणि मगच दुसऱ्या स्क्रूला हात लावते.

अशा बाईला चार वर्षांपूर्वी उदासीने गाठलं. काही घडलं नव्हतं, कुणी गेलं नव्हतं. नळ सोडायची आणि बादली भरून वाहत असली तरी शेजारी नुसती बसून राहायची. मीच तिला डॉक्टरांकडे नेलं आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पहिल्या गोळीने ती उठली, केस विंचरू लागली, कामावर गेली. मग दुसरी गोळी आली, तिसरी आली, चौथी आली. दर महिन्याला पाच मिनिटांची भेट व्हायची. "बरंय ना? चालू ठेवा." मी जबाबदार भावासारखी मान डोलवायचो आणि पाकिटं घेऊन घरी यायचो. कुठली कशासाठी, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नाही.

दरम्यान ताईचे हात थरथरायला लागले. सुईत दोरा जाईना. कारखान्याने तिला मशीनवरून उठवलं आणि स्टोअरमध्ये बटणांच्या खोक्यांपाशी बसवलं. ती तक्रार करत नव्हती. एवढंच म्हणायची, "मला मशीनवर परत जायचंय."

मग तिने एक घोडचूक केली. दुरुस्तीच्या आधी मेन स्विच बंद करायचा, या सवयीने तिने एका सोमवारी चारही गोळ्या एकदम बंद केल्या. गुरुवारी ती भिंत धरून चालत होती, उलट्या होत होत्या, डोक्यात झटके बसल्यासारखं होत होतं. मी चांगलाच तापलो.

"अगं, कुणाला विचारलंस तरी?"

"नाही ना," ती डोळे मिटून म्हणाली. "चार गोष्टी एकदम बदलल्या. अक्कल गहाण टाकली होती मी."

दुसऱ्याच दिवशी आम्ही डॉक्टरांपुढे बसलो. ताईच्या मांडीवर वही होती. डॉक्टरांनी आधी तिला फैलावर घेतलं, आणि बरोबरच होतं ते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि वही उघडली.

"डॉक्टर, ही चौथी कशासाठी?"

"हात थरथरतात ना तुमचे, त्यासाठी."

"हात कशाने थरथरतात?"

डॉक्टरांनी फाईल चाळली. "तिसरीने होऊ शकतं."

"मग तिसरी कशासाठी?"

"बेचैनी होती तुम्हाला. दुसरी सुरू केल्यावर..." ते थांबले. कपाळावर आठ्या पडल्या. "बाई, तुम्ही मेकॅनिक आहात. हे मशीन नाही."

"म्हणून तर विचारतेय. मशीनला विचारता येत नाही, तुम्हाला विचारता येतं."

मी खुर्चीत अवघडून बसलो होतो आणि माझी छाती मात्र फुगत होती. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या दिवशी आम्ही आत चाळीस मिनिटं होतो. बाहेरचे लोक आमच्या नावाने बोटं मोडत असतील, मोडोत.

पुढे चौदा महिने गेले. आधी चारही पुन्हा सुरू झाल्या, मग डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे एकेक गोळी थोडी थोडी कमी होत गेली. झोप, भूक, हात, मन अशा चार ओळी ताई रोज वहीत लिहायची. तिसरी गेली आणि हात स्थिर झाले, मग चौथीचं काही कामच उरलं नाही. दुसरीही सुटली. ताई मशीनवर परत गेली, तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले. लोकांना वाटलं, मला बढती मिळाली.

शेवटी पहिलीही डॉक्टरांनी हळूहळू बंद केली. दोन महिने छान गेले. तिसऱ्या महिन्यात ताई एका सकाळी चप्पल घालून उंबऱ्यापाशी अर्धा तास उभी राहिली. तिचं तिलाच कळलं. मला न सांगता ती एकटी डॉक्टरांकडे गेली आणि पहिली गोळी पुन्हा घेऊन आली.

ते पाकीट टेबलावर पाहून माझा चेहरा पडला. एवढा आटापिटा करून आपण होतो तिथेच आलो, असं वाटलं. मी म्हणालोही, "हरलो गं आपण, ताई."

"हरलो?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा दहा वर्षांचा झालो. "अरे, इतकी वर्षं तुम्ही सांगता म्हणून घेत होते. ही मी स्वतः मागून आणलीय."

तिने पाण्याचा ग्लास भरला, गोळी घेतली आणि कामावर गेली.