दत्तोबांचा लाल टॅग

शेजारचे दत्तोबा चाकणच्या कंपनीतून निवृत्त झाले, ते तिथली शिस्त घेऊनच. नको असलेल्या वस्तूवर लाल टॅग लावायचा. टॅग लागला की रविवारी ती भंगारात. यंदा टॅग लागला त्यांच्या पत्नीच्या, सुमनताईंच्या, माहेरहून आलेल्या तांब्याच्या बंबावर. सुमनताई जेवेनात.

त्यांची मुलगी योगिनी माझी विद्यार्थिनी. ती कर्करोगावर संशोधन करते. ती म्हणाली, "बाबा, पेशीही स्वतःचं भंगार खाऊन साफसफाई करते. ही साफसफाई चालू की बंद, हे जनुकांवरच्या रासायनिक खुणांवरही ठरतं. काही एन्झाइम खुणा लावतात, काही काढतात. कर्करोगाच्या पेशीत या खुणांचाच गोंधळ होतो."

"म्हणजे काढणारेही असतात?" सुमनताईंनी विचारलं.

"असतात की!"

रविवारी भंगारवाला मुबीन आला. टॅग आता बंबावर नव्हता, दत्तोबांच्या कंपनीतल्या लाडक्या हेल्मेटवर होता. मुबीनने ते उचललं.

"ए भावा, ठेव ते!" दत्तोबा ओरडले.

"टॅग लागला म्हणजे गेलं," सुमनताई म्हणाल्या. "नियम तुमचाच."

दत्तोबांनी हेल्मेटवरचा टॅग काढला. "आजपासून मीही काढणाऱ्यांतला," म्हणाले आणि बंबात पाणी भरायला गेले.