टेस्टिंगकाकांचं उलटं गाणं

डोणगावात लग्न कुणाचंही असो, मांडवात पहिलं गाणं इंग्रजी वाजायचं आणि ते चाळीस मिनिटं चालायचं. नवरदेवाचा पत्ता नसे, आचारी अजून कांदेच कापत असे, पण गाणं व्हायचंच. साऊंडवाल्याची ती टेस्टिंग होती. म्हणून अख्खं गाव त्या माणसाला टेस्टिंगकाका म्हणायचं.

"हॅलो हॅलो, वन टू थ्री केल्यानं माइक कळते, डब्बा नाई कळत," असं काकांचं ठाम मत. डब्बा म्हणजे स्पीकर. "ह्या गाण्यात सुई पडल्याचा आवाज हाय, अन् पत्रे उडाल्याचाबी हाय. हे ज्या डब्ब्यातून नीट निंगलं, त्यातून मंगलाष्टकबी निंगते अन् बुद्धवंदनाबी."

कॅसेट त्यांना सबस्टेशनवरच्या एका इंजिनिअरसाहेबांनी बदली होताना दिली होती. तिच्या कव्हरवर पेनाने एकच शब्द लिहिलेला: प्रोग्रेसिव्ह. बँडचं नाव नाही, गाण्याचं नाही. असल्या लांबलचक गाण्यांचा जगात एक आख्खा पंथ आहे, त्याचे भक्त आहेत, त्यांच्यात भांडणं आहेत, हे आम्हाला काय ठाऊक! आमच्यासाठी पृथ्वीवर प्रोग्रेसिव्ह एकच होतं आणि ते काकांच्या टेम्पोत होतं.

गाणं एका बाजूत मावत नसे. अर्ध्यात कॅसेट उलटावी लागे. त्याला काका 'पल्टी' म्हणत. पल्टीला चहा, हा कायदा. मांडववाले हातातले बांबू खाली ठेवत, आचारी किटली पाठवी, आणि चहा होईपर्यंत दुसरी बाजू लागत नसे. एकदा रोहिणखेडच्या लग्नात मानपानावरून दोन्हीकडचे मामा एकमेकांच्या अंगावर धावले, तेव्हा काका मध्ये पडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "थांबा, पल्टी होऊ द्या." चहा आला, हातात कप आले, आणि कपासकट भांडणं जरा अवघडच असतं.

पहिल्या बाजूला नुसती आदळआपट होती. ढोल, गिटारी, कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडतोय. दुसरी बाजू मात्र बासरीची, पाखरांची, आणि शेवटी एकच सूर लांबत लांबत विरून जायचा. काकांनी त्यावरून आख्खं तत्त्वज्ञान उभं केलं होतं. "पयले माणूस लय बोंबलते," ते सांगत. "मंग त्याले समजते, का बोंबलून काई होत नाई. मंग बासरी." मेहकरच्या कॉलेजात असताना मी त्यांच्या साऊंडच्या दुकानात तासन्‌तास बसून हे ऐकलं. गाण्याला वेळ द्यायचा असतो, हे मला तिथेच कळलं.

पुढे नोकरीसाठी पुण्याला गेलो आणि शहाणा झालो. तिथे माझ्या खोलीवर असे रसिक जमत, की गाणं ऐकण्यापेक्षा गाण्याबद्दल बोलण्यातच त्यांचा जास्त वेळ जाई. दर दिवाळीला गावी आलो की काका विचारत, "आता काय आयकून राह्यला बे?" एका वर्षी मी मेटल सांगितलं, मग जॅझ, मग कसलंसं जपानी. काका प्रत्येक वेळी इअरफोन कानात घालून मन लावून ऐकत आणि म्हणत, "चांगलं हाय. पल्टी कवा येते?"

एका संध्याकाळी पुण्यात, कुणाच्या तरी फोनवर, ते गाणं लागलं. काकांचं गाणं! पण सुरू झालं ते बासरीने. पाखरं आधी, वादळ नंतर. म्हणजे आमचं गाव इतकी वर्षं दुसरा भाग आधी ऐकत होतं. मी गप्प बसायला हवं होतं. पण पुण्याचं पाणी प्यायलेलो. गप्प कसला बसतो! त्या दिवाळीला फोन घेऊन थेट दुकानात गेलो.

काकांनी कॅसेट काढून उलटसुलट पाहिली. दोन्ही बाजूंच्या 'ए' आणि 'बी' लिहिलेल्या चिठ्ठ्या वाकड्या, डिंकाने चिकटवलेल्या. "टेम्पोतल्या गरमीनं निंगल्या व्हत्या," ते हळूच म्हणाले. "म्याच चिकटोल्या." मग त्यांनी फोनवर पूर्ण गाणं ऐकलं. शेवटी तो प्रचंड दणका झाला आणि सगळं बंद.

"म्हंजे माणूस शेवटी बोंबलतेच?" त्यांनी विचारलं.

"ओरिजिनल असंच आहे, काका," मी म्हणालो. आणि हसलो. ते हसू मला आजही आठवतं, आणि आठवलं की माझीच मला लाज वाटते.

त्यानंतर काकांनी ती कॅसेट लावली नाही. पुढच्या लग्नात "हॅलो हॅलो, वन टू थ्री" ऐकून लोक चकित झाले. "टेप बिघडला," काका सांगत. पल्टीच नाही, तर चहा कुठला? मी फोन घेऊन दुकानात गेलो होतो हे मांडववाल्यांना ठाऊक होतं; त्यांनी मला भर चौकात शिव्या घातल्या. मला फार वाईट वाटलं, पण काकांना तसं सांगायला काही गेलो नाही. दोन दिवाळ्या पुण्यातच काढल्या.

मग त्यांच्या मुलीचा, सुजाताताईचा फोन आला. काका गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ये आणि साऊंडचं तू पाहा, ती म्हणाली.

मांडवात डब्बे उभे करताना मी तिला घाबरत विचारलं, "ताई, माझ्यामुळे काकांनी गाणं सोडलं ना?"

"सोडलं? काऊन सोडतीन?" ताई म्हणाली. "मोबाइलवर रोज सरळ आयकत. म्हनत, पोट्टा खरं बोलला, पण मले सवय करा लागन. मांडवात लावाची मात्र लाज वाटे त्यायले, साऱ्या गावाले उलटं आयकवलं म्हून." मग म्हणाली, "अखेरीले मले सांगतलं, माह्या वेळी उलटंच लावजा. शेवटी शांत पाह्यजे."

मी फोनवर गाण्याचे दोन तुकडे केले आणि दुसरा आधी लावला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं सतरंजीवर गुपचूप बसली होती. दणका झाला आणि वादळ संपलं. मी थांबवलं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, पण मांडववाला उठला, किटली घेऊन आला आणि पहिला कप माझ्याच हातात देत म्हणाला, "पल्टी झाली. घे."

चहा झाल्यावर दुसरी बाजू लावली. बासरी, पाखरं, आणि तो एक सूर विरत विरत संपला. वंदना सुरू व्हायची होती. माइक तपासायला मी तो तोंडाशी धरला, 'हॅलो' म्हणायला गेलो.

सुजाताताईने माझ्या हातातून माइक काढून घेतला. "राहू दे," ती म्हणाली. "टेस्टिंग झाली."