डोनलच्या गावात माणसं कमी पडतात

गल्फमधल्या रुवैसमध्ये आमच्या ऑफिसबाहेर रिफायनरी, तिच्यापलीकडे वाळू. त्यामुळे पॅन्ट्रीत जमलो की जो तो आपापलं गाव काढतो. त्यात आमचा आयरिश सेफ्टी मॅनेजर डोनल सगळ्यांच्या पुढे. त्याच्या गावाचे किस्से इतके साठलेत, की तिथे न जाताही मी रस्ता चुकणार नाही. चुकायला रस्ता तरी एकच आहे!

*

समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करायचा, ही तिथली रीत. डोनल इथे नवा होता तेव्हा प्रत्येक टँकरला बोट उचलायचा. कुणी ढुंकून बघेना. यंदा सुट्टीवर गेला, तर गावातही समोरून कुणी आलंच नाही म्हणे. हसावं की नको, आम्हाला कळेना.

*

हर्लिंग हा त्यांचा काठ्या-चेंडूचा जिवापाड खेळ. टीमपुरती पोरं जमेनात, म्हणून गावाची टीम शेजारच्या गावाच्या टीममध्ये मिसळली. ज्या गावात मुलगी द्यायची नाही अशी आजोबांची ताकीद, त्याच गावाची जर्सी आता डोनलचा पुतण्या घालतो.

"भांडायलाही माणसं लागतात," डोनल म्हणाला.

*

त्यांच्या लोकल रेडिओवर रोज कोण वारलं ते वाचून दाखवतात. डोनल ते जेवताना मोबाईलवर लावतो. स्टोअर्सचे सलीमभाई आधी वैतागले, "हबीबी, खाते वक्त ये क्या लगाया है?" पण त्यांच्या रत्नागिरीकडच्या गावातही गल्फच्या पैशाचे बंगले आहेत आणि सगळ्यांना कुलपं. आता तेच विचारतात, आज कोण गेलं म्हणून.

*

गेल्या आठवड्यात पॅन्ट्रीत जेवताना डोनलच्या आईचा फोन आला, त्याने स्पीकरवर घेतला. म्हातारी एकटी राहते, आणि डॉक्टरांनी आता हात टेकलेत. तिकडे शवपेटी शेजारीपाजारी खांद्यावर नेतात, सहाजण, सारख्या उंचीच्या जोड्या लावून. उरलेले शेजारी सगळे काठी टेकत चालणारे. आईने एवढंच विचारलं, "मला उचलणार कोण?"

"माणसं आहेत माझ्याकडे," डोनल म्हणाला आणि फोन ठेवला.

मग त्याने मला आणि सलीमभाईंना फ्रीजशेजारी खांद्याला खांदा लावून उभं केलं, आणि आमच्या डोक्यांवर तळहात आडवा धरून बघू लागला. आम्हाला तिकडचा व्हिसा कोण देणार, असं मी विचारलं. त्याला ऐकूच गेलं नाही.

सलीमभाई खाली वाकून सेफ्टी शूजच्या नाड्या सोडू लागले.

"थांब हबीबी," ते म्हणाले, "बूट काढतो. आता नीट माप घे."