शेवटच्या रांगेत ऐकू गेलेलं वाक्य

असले अनुभव सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. ध्वनिशास्त्रात पीएच.डी. केलेला माणूस दुसरं काय करणार? त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... आणि ती फक्त विश्वास ठेवल्याची नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला शिकत होतो. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर एक रोमन थिएटर आहे — डोंगरउतारावर अर्धगोल दगडी पायऱ्या, खाली रंगमंच. भूकंपात रंगमंचामागची उंच भिंत कोसळली आणि पुढे गावकऱ्यांनी दगड नेऊन घरं बांधली. आता डागडुजी सुरू होती, आणि भिंत पुन्हा उभारायची की नाही यावर वाद होता. माझे प्रोफेसर म्हणत, भिंत नुसती शोभेची नव्हती, तिच्यामुळेच आवाज शेवटच्या पायरीपर्यंत जायचा. ते सिद्ध करायला आम्ही लॅबमागच्या गवताळ उताराच्या पायथ्याशी प्लायवूडचा रंगमंच आणि भिंत उभारली. स्पीकर लावून घेतलेली रीडिंग्ज उत्तम आली. आता खऱ्या नटांचा आवाज हवा होता.

नेमका आमच्या मराठी मंडळाचा गणपतीतल्या नाटकाचा हॉल कॅन्सल झाला होता. मी म्हटलं, इथेच करा! रविवारी दुपारी प्रयोग ठरला. डागडुजीच्या कमिटीतले दोन पाहुणेही येणार होते. त्यांना पटलं तर भिंत उभी राहणार होती, आणि माझा थीसिसही.

नाटक कुमुदमावशींनी बसवलं होतं, आणि त्यात त्यांची मुख्य भूमिकाही होती. एरवी त्या फार्मसीत नोकरी करायच्या, आणि आम्हा विद्यार्थ्यांना घरच्यासारखं वागवायच्या. प्रयोगाआधी त्या नारळ, हळदकुंकू आणि नटराजाची छोटी मूर्ती घेऊन आल्या. पाहुणे समोरच उभे. मला घाम फुटला.

"मावशी, हे आज नको ना. प्लायवूडवर डाग पडतील."

"अरे, रंगदेवतेला नमस्कार न करता उभी राहू?"

"मनातल्या मनात करा ना यार... सॉरी, मावशी. पण हे लोक सायंटिस्ट आहेत. काय म्हणतील?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि नारळ पिशवीत टाकला.

तिसरी घंटा झाली, नाटक सुरू झालं... आणि आवाज मेला. दुसरा शब्द सुचत नाही. वारा नव्हता, गाड्यांचा आवाज नव्हता, तरी पुढच्या दोन-तीन रांगांपलीकडे काही पोचेना. नट घशाच्या शिरा ताणून ओरडत होते. मी विंगेत प्रॉम्प्टर होतो. वर प्रोफेसर कानामागे हात धरून बसलेले दिसले. एका पाहुण्याने तर बॅग आवरायला घेतली.

तेवढ्यात मावशी भर प्रवेशात थांबल्या. चपला काढून त्यांनी गुडघे टेकले, प्लायवूडला कपाळ लावलं आणि काहीतरी पुटपुटल्या. मी हाताच्या अंतरावर होतो, पण मला अक्षरही ऐकू आलं नाही. मात्र उतारावरची आपली सगळी मंडळी — अगदी शेवटच्या रांगेतलीसुद्धा — वळून माझ्याकडे बघायला लागली.

मावशी उठल्या, पुढचं वाक्य म्हटलं, आणि ते खणखणीत वरपर्यंत गेलं. तिथून शेवटपर्यंत शब्द न् शब्द ऐकू गेला.

प्रयोगानंतर शेवटच्या रांगेतल्या जोशीकाकांनी मला बाजूला घेतलं. "कुमुद काय म्हणाली, ऐकलंस?"

मी नाही म्हटलं.

"'पोरगं आमचंच आहे. त्याला आमची लाज वाटते. चूक पोटात घाल.' अरे, कानाशी बोलल्यासारखं ऐकू आलं आम्हाला!"

माझं तोंड एवढंसं झालं.

पुढे त्या रंगमंचावर मी सगळं पुन्हा करून पाहिलं — हवा, ओलावा, लाकडाचे सांधे. आवाज तसा परत कधीच मेला नाही. त्या दिवशी का मेला, आणि माझ्यापर्यंत न आलेलं पुटपुटणं टेकडीभर कसं गेलं, हे मला आजही सांगता येत नाही. तिकडे ती भिंत उभी राहिली म्हणे. मी बघायला गेलो नाही.

त्या दुपारी चहाच्या टेबलाशी प्रोफेसर उत्साहाने आले. "व्हॉट डिड शी से देअर? वी हर्ड एव्हरी सिलेबल!" मावशी शेजारीच चहा ओतत होत्या. पाहुणेही ऐकत होते.

"नथिंग, सर," मी म्हटलं. "जस्ट अ लाइन फ्रॉम द प्ले."

प्रोफेसरांनी मावशींकडे बघितलं. त्यांनी हसून कप पुढे केला. "येस, सर. ओन्ली अ लाइन. ही इज अ गुड बॉय."

मी खाली मान घालून चहा प्यायलो.